दुसऱ्याचे नाक

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका वकीलमित्रास त्याच्या परदेशी असलेल्या मुलाने सुगंधाची एक कुपी पाठविली. काच काळसर तपकिरी, टोपण जड, आणि खोक्यावर छापलेले की हा सुगंध पुरुषांचा आहे, संध्याकाळी वापरावयाचा आहे, व त्याची प्रकृती उबदार आणि मसालेदार आहे. मित्राने ती कुपी माझ्या टेबलावर ठेविली आणि म्हणाला, "घ्या, लावून पाहा आणि कसा आहे ते सांगा." दोन शब्दांत उत्तर द्यावे आणि चहा मागवावा, असाच हा प्रश्न होता. पण मी उत्तरास तीन आठवडे लावले. विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की, हे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हेच मुळात ठरलेले नाही.

परीक्षेची रीत तशी साधी आहे. दुकानात कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती आपल्या नाकाशी धरतात. ही झाली सरतपासणी. पढविलेल्या साक्षीदारासारखा तो कागद सांगितले तेवढेच बोलतो. उलटतपासणी व्हावयाची ती कातडीवर, आणि ती पाचसहा तास चालते. मद्यार्क क्षणात उडून जातो. मिरी, संत्र्याची साल, वेलदोडा यांसारख्या वस्तूंतील हलकी द्रव्ये पहिल्या पंधरावीस मिनिटांत आपले म्हणणे मांडून निघून जातात. मग दालचिनी आणि लवंग पुढे येतात. अखेरपर्यंत टिकतात ती जड द्रव्ये: राळ, चंदनासारखी काष्ठे, व्हॅनिला, आणि कस्तुरीच्या जागी आज वापरावयाची कृत्रिम रसायने. गिऱ्हाईक पहिल्या पंधरा मिनिटांवर भाळून पैसे मोजते. नांदावे लागते ते मात्र शेवटच्या चार तासांशी. मित्राच्या त्या कुपीचा आरंभ मला भडक वाटला. दालचिनीचा मध्यभाग खरोखरीच सुंदर होता. शेवटी मात्र व्हॅनिलाने त्या सगळ्या मसाल्याची खीर करून टाकली.

'उबदार' हा शब्द जाहिरातवाल्यांचा अलंकार असेल, असे मी समजत होतो. तसे नाही. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य आपल्या त्वचेतील ऊब जाणणाऱ्या ग्राहकांनाच चेतविते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गंमत अशी की, भावप्रकाशाने याच लवंगेला शीत म्हटले आहे. शास्त्राचे आणि कातडीचे येथे जमत नाही. तरीही ऋतूचा विवेक आपल्याकडील अत्तरे लावणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, केवडा. थंडीत हिना आणि शमामा. शमामा हे कनौजचे अत्तर ज्याने हुंगले आहे त्याला परदेशी कुपीतील ऊब नवी वाटण्याचे कारण नाही. तांब्याच्या डेगेत दगडफूल, जटामांसी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा अशी कितीतरी द्रव्ये शिजवून त्यांची वाफ भपक्यातील चंदनाच्या तेलात उतरवावयाची, ही त्याची मूळ रीत. चंदन महागल्यापासून त्या तेलाच्या जागी अनेकदा स्वस्त खनिज तेल येते, हा निराळा विषय.

या यादीतील दगडफूल आमच्या गोड्या मसाल्याच्या डब्यातही आहे. जायफळ आणि जायपत्री गोव्याच्या कुळागरात माडापोफळींच्या सावलीत पिकतात. गार्सिया द ऑर्त या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात जो ग्रंथ छापविला, त्यात लवंग, दालचिनी आणि चंदन यांचाच ऊहापोह आहे. म्हणजे संध्याकाळी पुरुषाने अंगास लावावयाचा हा वास मुळात आपल्या स्वयंपाकघराचा आणि बंदराचा आहे. मग 'पुरुषांचा' हे विशेषण कोठून आले? ज्याच्या लवंगी वासाने आपल्याकडील अनेकांच्या वडिलांची दाढी ओळखू येत असे, ते ओल्ड स्पाइस अमेरिकेत १९३७ साली प्रथम स्त्रियांसाठी निघाले. पुरुषांसाठी निघाले ते पुढच्या वर्षी. या वादात याहून अधिक वेळ घालविण्याजोगे काही नाही.

खरी अडचण निराळी आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, रसाचे सहा. गंधाचे मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी. विद्यार्थिदशेत हे वाचले तेव्हा मला ही शास्त्रकाराची कुचराई वाटली होती. आता वाटते की त्याने मर्मावर बोट ठेविले. तांबडा किंवा पिवळा म्हणताना आपण वर्णन करतो. आंबट किंवा तुरट म्हणतानाही वर्णनच करतो. वासाच्या बाबतीत मात्र वर्णन होण्यापूर्वीच निकाल लागून गेलेला असतो. आपली भाषाच पाहा. कोणी नुसते 'वास येतो' म्हणाले की आपण खिडकी उघडतो. चांगल्या वासाला 'सुवास' म्हणून निराळे प्रमाणपत्र द्यावे लागते. कोंकणीत त्यालाच 'परमळ' म्हणतात.

आणि हा निकाल देणारी न्यायासने सारखी नाहीत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला व २००४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक कार्यरत असतात, आणि त्यांची घडण माणसागणिक थोडी बदलते. काही कृत्रिम कस्तुरीगंध काहींना मुळीच येत नाहीत. तेव्हा दोन प्रामाणिक माणसांनी एकाच अत्तराविषयी परस्परविरुद्ध सांगितले, तर त्यांतील एकास खोटे ठरविता येत नाही.

तरीही एक साक्षीदार असा आहे की ज्याची साक्ष निश्चितपणे बाद करावी, आणि तो म्हणजे सुगंध लावणारा स्वतः. १८७२च्या पुरावा कायद्याच्या ६०व्या कलमाने असे ठरविले होते की, पाहण्याजोगी गोष्ट पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याजोगी ऐकणाऱ्याने, आणि अन्य इंद्रियाने कळण्याजोगी त्या इंद्रियाने जाणणाऱ्याने. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा नियम कायम ठेविला आहे. पण नाक हे इंद्रिय सततच्या वासाला काही मिनिटांतच निर्ढावते. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. अंगावर लावलेले अत्तरही तसेच. लावणाऱ्याला वाटते की ते उडाले. म्हणून तो आणखी लावतो, आणि खोलीतील इतरांस ते दुप्पट भोगावे लागते.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी, जानेवारीच्या थंडीत, हैदराबादेत एका लग्नाच्या स्वागतसमारंभास गेलो होतो. चारमिनारजवळच्या दुकानातून आणलेल्या शमाम्याचा फाया दोन्ही मनगटांना लावला होता आणि कोटाच्या बाहीलाही. तेथून परतताना वाटेत एका जुन्या स्नेह्याच्या घरी भेटावयास गेलो. त्यांस जाऊन तेरा दिवस उलटून गेले होते, आणि मी बाहेरगावी असल्याने आधी जाता आले नव्हते. वहिनी पुढ्यात येऊन बसल्या. दोन वाक्ये बोलल्या असतील नसतील, तोच त्यांचा चेहरा पालटला. त्या उठून आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मला वाटले, दुःखाचा उमाळा आला असावा. निघताना जिन्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, राग मानू नका. बाबा हेच अत्तर लावायचे." मी मनगट नाकाशी नेले. मला काहीही वास आला नाही.

मी काय गुन्हा केला? कायद्याच्या भाषेत काहीच नाही. हेतू नव्हता, ज्ञान नव्हते. नव्या न्याय संहितेच्या ३३व्या कलमात, पूर्वीच्या दंड संहितेच्या ९५व्यात, अशी तरतूद आहे की सामान्य समजुतीचा मनुष्य ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा अपराध नव्हे. हे कलम शहाणपणाचे आहे. ते नसते तर रस्त्याने चालणेही कठीण झाले असते. पण त्या रात्रीपासून त्यातील एक शब्द मला टोचत आला आहे. वहिनींनी तक्रार केली नाही, कोणी केलीही नसती. तक्रार न करणे हे हानीच्या क्षुल्लकपणाचे लक्षण आहे की सोसणाऱ्याच्या सभ्यतेचे? सुगंधाच्या बाबतीत बहुधा दुसरेच असते. शेजारी बसलेल्या दमेकऱ्याने "आपण जरा दूर बसता का?" असे कितीदा विचारले असेल?

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या निर्णयशक्तीविषयक ग्रंथात संगीतावर एक आक्षेप घेतला आहे. संगीत हवे तेथेच थांबत नाही, शेजाऱ्यावर जाऊन आदळते. याला त्याने उपमा दिली आहे ती अत्तर लावलेल्या हातरुमालाची. रुमाल खिशातून काढणारा आजूबाजूच्या सर्वांना, त्यांची इच्छा असो वा नसो, मेजवानी देतो. ज्याला श्वास घ्यावयाचा आहे त्याला ती घ्यावीच लागते. ध्वनिवर्धकाचे युग भोगलेल्या आपणांस हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही. डोळे मिटता येतात. नाक मिटून मनुष्य किती वेळ बसेल? कांटचे म्हणणे मला नाकारता येत नाही. मात्र ते मान्य करून अत्तरदाणी फेकून द्यावी, हेही मला पटत नाही. कारण या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी एक तोड काढली होती आणि ती तोड आहे हे त्यांना सांगावेही लागले नाही.

ती तोड म्हणजे अत्तर-गुलाब. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लासात राजाचे उपभोग सांगितले, त्यांत विलेपन आणि धूप यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. पण ते एकट्या राजाचे सुख झाले. संस्थानी दरबारांची सांगता अत्तर-पानाने होई, आणि आमच्या घरच्या मुंजीबारशांतही दाराशी कोणीतरी अत्तरदाणी घेऊन उभे असे. यजमान पुढे येतो. पाहुणा हाताची पालथी बाजू पुढे करतो. त्यावर अत्तराची एक रेघ ओढली जाते. ज्याला नको तो हात जोडतो, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. हा हात पुढे करणे म्हणजे संमती आहे. शिवाय सर्वांना एकच अत्तर, म्हणून कोणाचे कोणावर आक्रमण नाही. कांटच्या रुमालवाल्याने जे न विचारता दिले ते येथे विचारून दिले जाते, आणि विचारण्यासाठी एक शब्दही खर्ची पडत नाही. कुपीवरील फवाऱ्याने ही मधली पायरी काढून टाकली. निवड एकट्याने आरशासमोर करावयाची आणि वाटणी सर्वांत, न विचारता.

याच दृष्टीने पाहिले म्हणजे खोक्यावरील 'संध्याकाळी' या शब्दाला अर्थ येतो. तज्ज्ञ म्हणतील की थंड हवेत जड द्रव्ये हळू उडतात, म्हणून असे गंध संध्याकाळी शोभतात. ते खरेच आहे. पण दुसरेही एक कारण आहे. सकाळी आपण ज्यांच्यात असतो त्यांनी आपल्याला निवडलेले नसते: न्यायालयातील बाक, बसमधली गर्दी, रुग्णालयाची ओसरी. संध्याकाळ ही बोलावण्याची वेळ आहे. तेथे येणारा येण्यास कबूल झालेला असतो, आणि यजमानाच्या घरच्या धुपाला, गाण्याला, मसाल्याला त्याने थोडीबहुत मान्यता दिलेलीच असते. ती मान्यता किती दूरवर पोहोचते? माझ्या मते हस्तांदोलनाच्या अंतरापर्यंत. हात मिळविणाऱ्याला कळावा, पलीकडच्या खुर्चीला कळू नये. माझी चूक शमामा लावण्यात नव्हती. लग्नाच्या संध्याकाळची परवानगी मी ज्या घराने ती दिली नव्हती त्या घरात नेली, ही होती.

तीन आठवड्यांनी मित्राकडे जेवावयास गेलो तेव्हा त्याने पुन्हा विचारले, "मग? कसा आहे?"

मी म्हणालो, "माझी साक्ष घेऊ नका. मी तो लावून पाहिला आहे, म्हणजे मी पक्षकार झालो. तुम्हांलाही अधिकार नाही. वहिनींना विचारा."

वहिनी आमटी वाढीत होत्या. त्यांनी पळी थांबविली, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "लावून निघतात तेव्हा गाडीची काच खाली करावी लागते. पण दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं की कोटाला जेवढा येतो ना, तेवढा बरा असतो."

मित्राने माझ्याकडे पाहिले. मी ताटातल्या आमटीकडे पाहत होतो. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्या दिवशी छान भाजले गेले होते.