चेन वाजत होती

दर दुसऱ्या रविवारी सकाळी मी मोटारसायकल ओट्यासमोर डबल स्टँडवर घेतो. नातू म्हणतो, "आबा, चांगली चालतेय ना ती, मग कशाला खोलता?" मी म्हणतो, चालतेय म्हणूनच खोलतो. तो हसतो. खरं कारण मी त्याला कधी सांगितलेलं नाही. ते इथे लिहितो.

काम अर्ध्या तासाचं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. आमच्या गाडीच्या चेनवर पत्र्याचं पूर्ण कव्हर आहे. त्याला खालच्या अंगाला रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची. इंचभर हलली तर ठीक. पण एकाच जागी बघून भागत नाही. चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी बघावं लागतं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वांत ताठ असेल तिथला हिशेब धरायचा. ढिली निघाली तर मागच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर खुणा मोजून सारखेच फिरवायचे, नाहीतर चाक तिरपं बसतं. कव्हर उतरवलं की रॉकेलच्या फडक्याने धूळ पुसायची आणि 90 नंबरचं ऑइल थेंब थेंब सोडायचं. चाक हातानेच फिरवायचं. चालू इंजिनवर चेनला हात लावला तर बोटं जातात.

चेन ताठ आवळली म्हणजे चांगली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. माणूस बसला, मागे गोणी पडली, की मागचं चाक दबतं आणि चेन आपोआप ताणते. म्हणून थोडी ढील ठेवावीच लागते. आणि लोक म्हणतात चेन लांबली, तेही खरं नाही. लोखंड काही रबर नव्हे. शंभरावर कड्या असतात, प्रत्येक कडीतली पिन केसाएवढी झिजते, आणि ते सगळं मिळून चेन लोंबायला लागते. एकेक कडी बघाल तर कुठेच दोष दिसत नाही. मग दातेही वाकडे होतात. मागच्या चक्रीवरून चेन बोटाने ओढली आणि खालचा दाता अर्धा उघडा दिसला, की चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलायच्या.

हे सगळं मला 1998 सालीही माहीत होतं. मुद्दा तोच आहे.

तेव्हा माझ्याकडे जुनी घेतलेली हिरो होंडा सीडी 100 होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी त्या गाडीची जाहिरात असायची. जाहिरात पेट्रोलची होती. आम्ही गाडीच विसरलो. बैलगाडीचा आस कोरडा पडला तर दोन शेतांवरून ऐकू येतो, वंगण घातल्याशिवाय बैलांचीही दया येते. मोटारसायकलची चेन कव्हराच्या आत. झाकलेलं आहे म्हणजे ठीक आहे, असं माणूस धरून चालतो.

आमचा सालदार मात्र धरून चालला नाही. जानेवारीत एकदा गाडी पुसता पुसता म्हणाला, "आप्पा, चेन वाजी ऱ्हायनी." मी बूच काढून बघितलं. चेन कव्हराला घासत होती, आवळायला जागाच उरली नव्हती. म्हटलं, कापसाचा चुकारा येऊ दे, मग बदलू. आठ दिवसांनी तो पुन्हा बोलला. मी म्हटलं, हो हो.

नंतर गव्हाला युरिया कमी पडला म्हणून मीच त्याला अमळनेरला पाठवलं. 50 किलोची गोणी मागे बांधून तो येत होता. गावाअलीकडे नाल्याचा उतार आहे. तिथे गाडी खड्ड्यात आपटली, चेन उतरून चक्रीत अडकली आणि मागचं चाक जाम झालं. गाडी त्याच्या पायावर पडली, वरून गोणी. मी पोहोचलो तेव्हा तो नाल्याच्या कडेला बसलेला. पहिलं वाक्य बोलला ते असं, "मन्ही चूक व्हयनी, आप्पा. गाडी मोडी गई."

मी "नाही रे" म्हणालो. पण चूक माझी आहे, असं म्हणालो नाही.

धुळ्याला नेऊन त्याच्या मांडीत सळई बसवली. खर्च मी केला. गावात माझं नाव झालं. सालदारासाठी एवढं कोण करतं, असं पारावर लोक बोलले, आणि मी ऐकून घेतलं. घरात बायको एवढंच म्हणाली, "तो तुम्हले दोनदा बोलना व्हता." त्या आखाजीला मी दुसरा सालदार ठेवला. लंगडत्या माणसाकडून औत कसं हाकलं जाणार?

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत होतो की माझा काही वाईट हेतू नव्हता. हेतू नव्हता हे खरं आहे. कोर्टही आधी हेतूच विचारतं म्हणतात. पण अपघात म्हणजे जे कळलं नव्हतं ते. मला कळलं होतं. मी बूच काढून बघितलं आणि परत लावलं. मी नुसतं पुढे ढकललं, आणि ढकललेलं कुठेतरी जाऊन पडतंच. ढकलणाऱ्यावर पडलं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. गाडी माझी, पैसे माझे, "नंतर बघू" म्हणायची सोय माझी. ओझं घेऊन उतरावरून जायचं काम त्याचं. "ही गाडी मी नेत नाही" असं म्हणायची त्याची सोय नव्हती. साल माझ्याकडे होतं. चूक त्याने अंगावर घेतली तीही त्याच भीतीने, असं मला आता वाटतं.

पुढे त्याने बकऱ्या पाळल्या. एकदा त्याच्या ओट्यावर बसून मी विषय काढला. म्हटलं, तू सांगितलं होतंस. तो पायाकडे बघत म्हणाला, "जाऊ द्या, आप्पा." आणि मी जाऊ दिलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. ते बोलायचं राहिलं, आणि आता तो नाही.

गावात बरीच माणसं मला आजही चांगलाच म्हणतात. रविवारी बूच काढताना मला त्याचा आवाज ऐकू येतो. आता नातूही गाडी न्यायला लागला आहे, मित्राला मागे बसवून. येत्या रविवारी त्याला शेजारी बसवणार आहे. चेन बघायला शिकवीनच. पण त्याआधी ही गोष्ट सांगीन, त्यात मी कोण होतो तेही.