फिरत्या चेंडूची वाट

हवेतून किंवा पाण्यातून पुढे जाणारी वस्तू स्वतःभोवती फिरत असेल, तर तिची वाट एका बाजूला वळते. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच लेगच्या बाजूला सरकतो. टॉपस्पिन दिलेला चेंडू फलंदाजाच्या अंदाजाआधी खाली येतो. या वळणाला आज मॅग्नस परिणाम म्हणतात. वळण कोणत्या दिशेला होते, हे फार लवकर उमगले. ते का होते, हे समजायला जवळजवळ अडीचशे वर्षे जावी लागली.

१६७२ साली प्रकाश आणि रंग यांविषयी रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात न्यूटनने तिरक्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूचा उल्लेख केला. चेंडूच्या ज्या बाजूला पुढे जाण्याची आणि फिरण्याची गती एकाच दिशेने असते, ती बाजू हवेवर अधिक जोराने आदळते आणि हवाही तिला अधिक जोराने परत ढकलते, असे त्याचे म्हणणे होते. त्याला शोध घ्यायचा होता तो प्रकाशाच्या किरणांचा. लोलकातून बाहेर पडणारे किरणही असेच वळत असतील का, ही शंका दूर होताच चेंडू मागे पडला.

तोफखान्याला मात्र हा प्रश्न सोडून देणे परवडणारे नव्हते. बंदुकीची गोळी नेम सोडून कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाई. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने हा दोष फिरण्याचा आहे असे मानले आणि ते सिद्ध करण्यासाठी एका बंदुकीची नळी तोंडाजवळ डावीकडे वाकवली. गोळी नळीच्या उजव्या भिंतीला घासत, म्हणजे फिरत बाहेर पडणार होती. वाटेत उभ्या केलेल्या कागदी पडद्यांवरच्या भोकांनी तिचा मार्ग दाखवला: सुरुवातीला डावीकडे गेलेली गोळी हळूहळू उजवीकडे वळली होती. या विषयाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग दुसरा नाही. रॉबिन्सच्या तोफशास्त्रावरील ग्रंथाचे १७४५ साली जर्मन भाषांतर करताना गणिती ऑयलरने मात्र फिरण्याची ही कल्पना नाकारली आणि दोष गोळीच्या ओबडधोबड आकाराला दिला. ऑयलरचे वजन एवढे मोठे की रॉबिन्सचे म्हणणे दीर्घकाळ मागे राहिले. स्वतः रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून तटबंदीच्या कामासाठी मद्रासकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

बर्लिनच्या गुस्ताव्ह मॅग्नसने १८५२ साली प्रश्न प्रयोगशाळेत आणला. त्याने फिरता पितळी दंडगोल हवेच्या झोतात धरला आणि दोन्ही बाजूंना हलकी पाती ठेवली. दंडगोलाची जी बाजू वाऱ्याच्या दिशेने फिरत होती, तिकडे हवेचा दाब कमी आढळला. फिरणारा पृष्ठभाग हवेला सोबत ओढतो, तिकडे हवेचा वेग वाढतो आणि बर्नुलीच्या नियमाप्रमाणे दाब घटतो, हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत अजूनही तसेच छापले जाते. १८७७ साली लॉर्ड रॅले याने टेनिसच्या चेंडूवरील लेखात त्याला गणिती रूप दिले. वस्तूभोवती हवेचा एक फेरा चालू आहे असे धरले की बल काढता येते. पुढे कुट्टा आणि झुकोव्हस्की यांनी याच विचारातून विमानाच्या पंखाचे गणित उभे केले.

या स्पष्टीकरणात एक मोठी फट होती. बर्नुलीचा नियम ज्या आदर्श हवेसाठी लिहिला जातो, तिला चिकटपणा नसतो. चिकटपणाच नसेल, तर गुळगुळीत दंडगोल कितीही वेगाने फिरला तरी हवा त्याच्यासोबत फिरणार नाही. म्हणजे फेरा सुरूच होणार नाही. परिणाम समजावण्यासाठी चिकटपणा हवा आणि गणित मात्र तो नसल्याचे धरून चालते, अशी ही अडचण होती.

तिच्यावर मार्ग सापडला लुडविग प्रांटलला. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्याने मांडले की हवेचा चिकटपणा पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरातच प्रभावी असतो. त्याबाहेर आदर्श हवेचे गणित चालते. हा सीमास्तर वस्तूच्या मागच्या बाजूला पृष्ठभाग सोडतो आणि तेथून भोवऱ्यांचा पट्टा सुरू होतो. वस्तू फिरत असेल, तर वाऱ्यासोबत फिरणाऱ्या बाजूला थर उशिरा सुटतो, विरुद्ध बाजूला लवकर. मागचा पट्टा त्यामुळे एका बाजूला कलतो. वस्तूने हवा एकीकडे वळवली की हवा वस्तूला दुसरीकडे ढकलते. न्यूटनने बाजू बरोबर सांगितली होती, पण निर्णायक घटना चेंडूच्या पुढे घडत नव्हती, पाठीमागे घडत होती.

याच ज्ञानावर आंतोन फ्लेट्नरने १९२४ साली ‘बुकाऊ’ हे जहाज उभे केले. शिडांऐवजी त्यावर सुमारे पंधरा मीटर उंचीचे दोन फिरते दंडगोल होते. १९२६ साली ‘बाडेन-बाडेन’ या नव्या नावाने ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. डिझेलपुढे ते टिकले नाही. इंधन वाचवण्याची गरज वाढली तसे दंडगोल परत आले. २०१० साली चार दंडगोलांचे ‘ई-शिप १’ जहाज सेवेत आले.

प्रांटलच्या विचाराची खरी कसोटी लागली ती उलट्या वळणाने. अगदी गुळगुळीत चेंडू ठरावीक वेगांना मॅग्नसच्या विरुद्ध दिशेला वळतो, असे प्रयोगांत दिसले. जुन्या स्पष्टीकरणात याला जागाच नव्हती. सीमास्तराच्या भाषेत मात्र ते सहज बसते: वाऱ्याच्या विरुद्ध फिरणाऱ्या बाजूला हवेचा सापेक्ष वेग जास्त, म्हणून तिथला थर आधी खळबळतो. खळबळलेला थर पृष्ठभागाला अधिक काळ धरून राहतो. दुसऱ्या बाजूचा थर संथ असल्याने लवकर सुटतो आणि पट्टा उलटा कलतो. गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांमुळे दोन्ही बाजूंचे थर लवकर खळबळतात, म्हणून तो असा उलटत नाही. क्रिकेटच्या चेंडूवर हेच काम शिवण एका बाजूला करते, आणि वेगवान गोलंदाजाचा स्विंग प्रामुख्याने तिच्यामुळे होतो, फिरण्यामुळे नाही. गोळीच्या ओबडधोबड आकाराकडे बोट दाखवणारा ऑयलर रॉबिन्सबाबत चुकला होता. पण वस्तूचा ओबडधोबडपणाही तिची वाट बदलू शकतो, एवढा सत्याचा अंश त्याच्या म्हणण्यात होता. सीमास्तर नेमका कुठे सुटेल, हे खडबडीत चेंडूसाठी केवळ कागदावर काढणे फार अवघड असते; त्यासाठी आजही वातबोगद्यात चेंडू फिरवून बल मोजतात.