आवाजाला उशीर चालत नाही

ट्रंक कॉलच्या दिवसांत शहाद्याहून मुंबईला बोलायचं तर कॉल नोंदवून ताटकळत बसावं लागे. एकदा तार जोडली गेली की बोलणं संपेपर्यंत ती सबंध वाट त्या दोघांचीच. एसटीडी बूथ आले, मधला ऑपरेटर गेला, पण वाट अडवून ठेवण्याची रीत तीच राहिली. दोघं गप्प बसले तरी लाइन अडकलेली, मीटर चालू.

हे अडवणंच नको, असं पॉल बॅरन यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये मांडलं. निरोपाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं त्यानं जावं. बोलण्यापाशी मात्र हा विचार अडखळला. पत्रातली हरवलेली ओळ पुन्हा मागवता येते. हरवलेला शब्द परत येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्पानेट या अमेरिकेतल्या संगणकजाळ्यावरून प्रत्यक्ष बोलणं पाठवलं. उशिरा येणारा तुकडा सोडून द्या, हा कोहेन यांचा आग्रह. १९७८ मध्ये टीसीपी (तुकडे बिनचूक पोचवणारे नियम) आणि आयपी (तुकडे पत्त्यानुसार पुढे धाडणारे नियम) वेगळे झाले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. या सगळ्या इतिहासात मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. बिनचूक पोचणं वेगळं आणि वेळेवर पोचणं वेगळं, हे इथे मान्य झालं.

पुढे १९९९ मध्ये नेटवरचे कॉल जुळवणारं एसआयपी आलं. त्यात रिंग देणं, फोन उचलणं, ठेवणं यांचे निरोप एका वाटेनं जातात, आवाज दुसऱ्या.

५ सप्टेंबर २०१६ ला भारतात जिओची मोबाइल सेवा सुरू झाली. त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, म्हणून प्रत्येक कॉल तुकड्यांतूनच.

फोरजीवरच्या या कॉलला व्होल्टी म्हणतात आणि त्यात टॉवर आवाजासाठी वेगळी वाट राखतो. बॅरन यांनी काढून टाकलेली राखीव वाट अशी परत आली. व्हॉट्सॲप कॉलला ती मिळत नाही. तो व्हिडिओंच्या गर्दीतूनच जातो. म्हणून ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाचा घरी केलेला व्हॉट्सॲप कॉल तुटतो, तेव्हा त्याच टॉवरवर साधा कॉल टिकू शकतो.

नेटवर सगळ्या तुकड्यांना सारखं वागवावं, हे तत्त्व मला पटतं. तरीही १०८ ला लावलेला कॉल कुणाच्या सिनेमामागे रांगेत उभा राहू नये, असं मी ठामपणे म्हणेन. अर्थात ही राखीव वाट टॉवरच्या टप्प्यात आल्यावरची. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे आधी टॉवर हवा.