बघायचं वावर

पाहुण्याकडून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. आता तो रोज रात्री जेवताना ताटाशी येऊन बसतो. पोरगा म्हणतो, रस्त्याकडच्या दोन एकरांत दोन खोल्या बांधू, समोर फुलांचं काहीतरी पेरू, शहरातली माणसं येऊन राहतील. टिपेश्वरला वाघ पाहायला जाणाऱ्या गाड्या आमच्या धुऱ्याजवळूनच जातात. सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, त्याचा कागदही त्यानं मला वाचून दाखवला. दहावीपर्यंत शिकलो आहे, कागद समजतो. पण वावर बघण्याचे पैसे घ्यायचे, हा घास काही घशाखाली उतरत नव्हता.

हे खूळ भाच्यामुळं घरात शिरलं. भाचा पुण्यात नोकरीला. दोन वर्षांमागे जूनच्या शेवटी तो आणि भाचसून फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्स नावाच्या मुलखात, आठ दिवस राहून आले. तिथं वालांसोल नावाचं पठार आहे आणि त्यावर लॅव्हेंडरच्या जांभळ्या फुलांची वावरं. मागल्या मे महिन्यात दोघं आमच्याकडे आले, तेव्हा अंगणात खाटेवर बसून त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिलो. तासं अशी सरळ, जशी दोरी धरून काढलेली. आणि तो जांभळा रंग पार आभाळाला टेकलेला.

"मंग तिथं काय केलं आठ दिवस?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही मामी. सकाळी उठायचं, चहा घेऊन बाहेर बसायचं आणि बघत राहायचं. इतकं शांत, की मधमाश्यांचा आवाज ऐकू यायचा."

"आन् त्याचे पैसे देले?"

"राहण्याचे दिले ना."

"म्हंजे बसाचे पैसे." ती माझ्याकडे वळली. "तुमचे त लय झाले असते बापा, रोज पारावर बसता त."

मी भाच्याला आपले शेतकऱ्याचे प्रश्न विचारले. भाव काय, कापणी कधी, माल जातो कुठं. त्याला बऱ्यापैकी माहीत होतं. फुलोरा जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, मग यंत्र फिरतं. कापलेली फुलं वाफेवर घेऊन तेल काढतात. आणि बहुतेक वावरांत खरं लॅव्हेंडर नसतंच, लॅव्हेंडिन नावाची संकरित जात असते. तिचं तेल जास्त निघतं आणि ते साबणात, कपडे धुण्याच्या पावडरीत जातं. म्हणजे तिथंही हायब्रिडच! घरमालक म्हातारा शेतकरी होता. तो भाच्याला सांगत होता की भाव चढला तेव्हा सगळ्यांनी हेच लावलं, मग भाव कोसळला, काहींनी तर झाडं उपटून टाकली. शिवाय एक बारीक तुडतुडा रोग पसरवतो, चांगलं झाड उभ्या उभ्या वाळतं. हे ऐकलं आणि सात समुद्रापलीकडचा तो म्हातारा मला एकदम शेजारच्या शिवारातला वाटला. तुडतुडे आणि पडलेला भाव! आठ दिवस ते दोघं एकाच वावराकडे बघत बसले असतील. भाच्याला त्यात विसावा दिसत होता. म्हाताऱ्याला काय दिसत असेल, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

भाचा आमच्याकडे चार दिवस होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, दुपारी गल्लीत कुत्रं फिरकत नाही. पण दिवस कलला की तो वावरात जाऊन बसायचा. म्हणायचा, "मामा, काय शांत आहे इथं!"

त्यानं म्हटलं म्हणून मीही ती शांतता कान देऊन ऐकली. उलंगवाडी कधीच झालेली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या, रान वखरून उताणं पडलेलं. कोठ्यात बैल नाहीत. जोडी विकून सहा वर्षं झाली, म्हणून घुंगरं वाजत नाहीत. तरणी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, म्हणून पारावर हसणं-खिदळणं नाही. पीककर्जाचं नवंजुनं करून आलेला माणूस फार बोलत नसतो, ती शांतता वेगळी. भाच्याला जी खोली दिली तिच्यात मार्चपर्यंत कापूस भरलेला होता, पुढं भाव येईल या आशेनं. खोली दोनदा झाडून-पुसून घेतली, तरी भाचसुनेच्या अंगाला रात्रभर खाज सुटली. कापसाची खाज भिंती सोडत नाही.

म्हणून भाच्याची शांतता खोटी होती, असं मी म्हणणार नाही. दिवसभर कानाला फोन आणि रस्त्याला हॉर्न असलेल्या माणसाला चार संध्याकाळी अशा मिळाल्या तर ते औषधच. मला टोचतं ते एवढंच, की त्याचं औषध आमच्या ओसाडीतून निघतं. गाव गजबजलेलं असतं, तर त्याला ते मिळालं नसतं.

बघणारा आणि कसणारा यांचे डोळेच वेगळे. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. सुंदरच म्हणायचं. पण मी फुलाकडे बघतो तेव्हा आधी डोमकळी शोधतो. गुलाबी बोंडअळी आत शिरली की पाकळ्या नीट उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या होतात. नवख्या माणसाला ती कळी साध्या फुलाहून देखणी वाटेल, तो तिचाच फोटो काढील. आमच्या पोटात मात्र गोळा येतो. २०१७ साली ही अळी आली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर फुललेल्या पऱ्हाटीकडे नुसतं बघणं कठीण झालं.

वाघाचंही तसंच. टिपेश्वरात वाघ दिसला तर पर्यटकाचे पैसे वसूल. आमच्याच पांढरकवडा-राळेगावच्या रानात अवनी वाघीण फिरत होती, तेव्हा बाया कापूस वेचायला जायला धजत नव्हत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली, तर मुंबई-दिल्लीची माणसं हळहळली. त्यांचं हळहळणंही खरं होतं आणि आमच्या बायांची भीतीही खरी होती. तेव्हा कुणाचे डोळे बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि शहरवाल्यांवर एवढा ताव काढायलाही जागा नाही. मागं एकदा जुलै महिन्यात शेतकऱ्यांच्या सहलीत दापोलीला गेलो होतो. रस्त्यानं भाताची लावणी चालू होती. हिरवीगार खाचरं, वरून पाऊस, बाया ओळीनं वाकलेल्या. आम्ही सगळे कास्तकार एसटीच्या खिडक्यांना नाकं लावून बघत होतो. एकही जण असं म्हणाला नाही की या बायांची कंबर किती दुखत असेल, चिखलात पाय किती कुजत असतील. दुसऱ्याच्या वावरात आपण सगळे पाहुणेच. आपलं वावर हिशेबाचं आणि लोकांचं वावर चित्राचं, ही माणसाची रीतच दिसते. मग भाच्याला काहून दोष द्यायचा?

राहता राहिला पैशाचा मुद्दा. मी पोराला विचारलं, "नेमकं विकून काय राह्यला तू? ही शांतता काही आपण पिकवली नाही."

तो म्हणाला, "बाबा, कापूस तरी आपल्या भावानं कुठं विकतो? इथं भाव मी ठरवीन."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिवाय त्याच्या बोलण्यात एक न बोललेली गोष्ट होती, ती मला ऐकू आली. हे जमलं नाही तर तोही पुण्याची गाडी धरणार. मग भाच्याला आवडली तशी शांतता आमच्या घरातही कायमची येईल.

तिढा बायकोनंच सोडवला. ती म्हणे, "खोलीचे घे. खोलीले सिमेंट लागते. भाकरीचे बी घे, पीठ काही फुकट नाही. पण कोणी पाणी प्याले थांबला, घडीभर झाडाखाली बसला, त त्याच्यापाशी हात पसरशीन त याद राख." चौथीपर्यंत शिकलेली बाई. मी महिनाभर ज्याच्यात गुंतलो होतो, ते तिनं भाकरी उलथता उलथता निवडून दिलं.

माझ्याही दोन अटी आहेत. एक म्हणजे मी फेटा बांधून फाटकात उभा राहणार नाही. पोराच्या मनात भाड्याची बैलजोडी आणून पाहुण्यांना बंडीतून फिरवायचं आहे. ज्या कोठ्यातली जोडी खर्च निघत नाही म्हणून विकली, तिथं फोटोसाठी दुसरी बांधायची, हे मला सोसणार नाही. दुसरी अट पेरण्याची. तो लॅव्हेंडर म्हणत होता. ते थंड मुलखाचं पीक, आपल्याकडे जम्मूच्या भदरवाहला होतं. आमच्या काळ्या मातीत आणि या उन्हात ते दोन महिने टिकायचं नाही. नुसती शोभेची फुलंही मला नकोत. कुणी बघायला आलं नाही तरी जे खळ्यात येईल, ज्याची घाणी होईल, तेच मी पेरू देईन.

मी त्याला जवस सुचवला. एका काळी आमच्याकडे घरोघरी जवसाचं तेल खायचे, आता चटणीपुरताही कुणी पेरत नाही. ऑक्टोबरात ओलीवर पेरला की डिसेंबरात फुलतो. फूल निळं. सकाळी सगळं वावर निळं दिसतं, लहानपणी मी त्यातून शाळेत जायचो. पोरानं मोबाइलवर जवसाचे फोटो शोधले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

"पण एक हाय," मी म्हटलं, "फूल सकाळीच उमलते. ऊन चढलं का पाकळ्या गळाले लागतात. दुपारपर्यंत वावर पुन्हा हिरवं."

तो हिशेब करू लागला. सकाळची सफारी करून माणसं परत येतात तेव्हा दहा-साडेदहा होतात. म्हणजे पाहुणा मुक्कामाचाच पाहिजे आणि लवकर उठणाराही. शेवटी एक एकर जवस आणि एक एकर तूर असं ठरलं. बियाणं कृषी विद्यापीठाचं आणायचं, की जुन्या एखाद्याच्या घरी मडक्यात असलेलं शोधायचं, हे अजून ठरायचं आहे. बायको विचारते आहे की जवस काढायला माणसं कुठून आणणार.