गांवाचा हक्क

कारखाना बंद पडला असतां त्याच्या भोंवतीं वसलेल्या गांवाचा त्याजवर कांहीं हक्क पोंचतो काय?

अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील यंग्सटाउन हें शहर पोलादाच्या भट्ट्यांवर वाढलें. १९३० सालीं तेथील लोकसंख्या १,७०,००२ होती; २०२० च्या खानेसुमारींत ती ६०,०६८ भरली. ओहोटी अगोदरच लागली होती. पण मोठा घाव बसला तो १९ सप्टेंबर १९७७ रोजीं. त्या सोमवारीं ‘यंग्सटाउन शीट अँड ट्यूब’ कंपनीनें कँपबेल येथील कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें, आणि सुमारें ५,००० कामगारांच्या पोटावर पाय आला. १९०० सालीं गांवच्याच मंडळींनीं उभारलेली ही कंपनी १९६९ सालीं परगांवच्या धनिकांच्या हातीं गेली होती.

पुढें ‘यू. एस. स्टील’ कंपनीनेंही तेथील आपले कारखाने मोडीत काढण्याचें ठरविलें, तेव्हां कामगार न्यायालयांत गेले. कारखाने चालवा, नाहींतर आम्हांस विकत द्या, असें त्यांचें मागणें होतें. १९८० सालीं न्यायाधीश थॉमस लँब्रॉस यांनीं प्रारंभीं, इतक्या दीर्घ संबंधांतून गांवास मालमत्तेचा कांहीं हक्क उत्पन्न होत असावा, असा विचार बोलून दाखविला. परंतु निकाल देतांना, असा हक्क कायद्यांत नाहीं, असें त्यांस म्हणावें लागलें. या मुद्द्यावर अपिलांतही तेंच कायम झालें.

मालकपक्षाचें म्हणणें पोकळ नाहीं. भट्ट्या जुनाट झाल्या होत्या, परदेशी पोलाद स्वस्त मिळत होतें; तोट्यांत धंदा चालविण्याची सक्ती कोणावर करावी? शिवाय कामगारास वेतन पोंचलें, तेथें व्यवहार पुरा झाला, असेंही कोणी म्हणेल. पण आम्हांस तो पुरा झालासा वाटत नाहीं. कारखान्याच्या भरंवशावर लोकांनीं कर्ज काढून घरें बांधलीं, नगरानें रस्ते व शाळा उभारल्या. आणि त्यामुळें स्थिर व तरबेज मजूर मिळण्याचा लाभ कारखान्यांनीं पाऊणशें वर्षें घेतला. ज्या विश्वासावर आपण धनवान झालों, तो मोडतांना त्याची किंमत मोजणें हें नीतीचें ऋण होय.

म्हणून आमच्या मतें गांवाचा हक्क कारखाना सदैव चालावा असा नव्हे. परंतु वेळींच सूचना मिळावी व विकत घेण्याची पहिली संधी मिळावी, एवढा तो खास आहे. १९८८ सालीं अमेरिकेनें मोठ्या कारखान्यांवर साठ दिवसांच्या सूचनेचें बंधन घातलें. दुसरा भाग मात्र मालकाच्या मर्जीवरच राहिला. आणि मर्जीवर जें अवलंबून, त्यास हक्क म्हणतां येत नाहीं.