स्नेह आणि करारपत्र

भागीदारी मांडतानाच ती मोडण्याची रीत लिहून ठेवणे, हा स्नेहाचा अपमान होय काय? आमच्या बंगळूरच्या चिकपेठेत हा विषय काढावा, तर "आपसांत कसला कागद?" हेच उत्तर मिळायचे. फायलींत मुरलेल्या आम्हां कारकुनांस हा भाबडेपणा मोहक वाटतो. पटत मात्र नाही.

भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागावे, असे १९३२ चा भागीदारी कायदाही सांगतो. पण निराळा करार नसेल, तर तो नफा समसमान वाटतो, राबणाऱ्यास वेतन देत नाही, आणि एक भागीदार निवर्तला की पेढीच विसर्जित करतो. मग हिशेब मागावयास येते त्याची पत्नी. दोघां मित्रांतील तोंडी बोली तिला कोठून ठाऊक असणार?

कोल्हापुरात १९२९ साली पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. १९४२ साली व्ही. शांताराम तीतून बाहेर पडले. असा दुरावा कागदाने टळतो, असे आमचे म्हणणे नाही. पण वारसास त्याचा भाग कोणत्या किमतीने, किती मुदतीत द्यावयाचा, पंच कोण, हे स्नेह ताजा असतानाच लिहावे. आणि पेढीची नोंदणीही करावी, कारण त्यावाचून भागीदारास करारातील हक्कासाठी दावा लावता येत नाही, विसर्जनाचा व हिशेबाचा तेवढा लावता येतो. वह्या पाहण्याचा अधिकार त्या पत्नीस राहील, हेही एक कलम त्यात असावे.