एकान्त आणि ऋण

मोठ्या संकटांत मनुष्य साहाय्य मागण्यास सहसा लाजत नाहीं. लहान दुखापतीच्या वेळीं मात्र तेंच मागणें त्याला जड जातें. खेड्यांत, वस्तीपासून थोडें दूर, एकटें राहण्याचें ज्यांनीं बुद्ध्या पत्करिलें आहे, त्यांना हें लवकरच पटेल. भाजी चिरतांना विळीचें पातें तळव्यांत रुतलें, एवढीच गोष्ट. जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, दाबून धरून रक्त थांबवावें, तालुक्याच्या गांवीं जाऊन टांके घालून घ्यावे आणि जरूर तर धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी, कीं उपचार संपले. पुढें कांहीं दिवस हात कोरडा ठेवावयाचा.

परंतु एका हातानें विहिरीचें पाणी शेंदतां येत नाहीं, धुणें पिळतां येत नाहीं; फार काय, त्या हाताची पट्टीही आपली आपल्याला नीट बांधतां येत नाहीं. ज्याला स्वावलंबन म्हणावयाचें, तें बरेंचसें दोन धडधाकट हातांवर उभें असतें. अशा वेळीं शेजारची कोणी बाई न बोलावतां येते, दोन हंडे पाणी भरून ठेवते आणि झांकलेली भाकरी ओट्यावर ठेवून निघून जाते. या उपकाराचें काय करावें?

पहिली ऊर्मि तत्काळ फेडीची असते. पैसे द्यावे, नाहींतर शहरांतून आणलेली एखादी वस्तु द्यावी. ही घाई कृतज्ञतेसारखी दिसते. पण पुष्कळदां तिच्या मुळाशीं अभिमान असतो. ‘मी कोणाचें कांहीं लागत नाहीं’ ही स्थिति पुन्हां मिळविण्याची ती धडपड असते. येथें कोणी विचारील, गरीब बाईच्या श्रमाचें मोल न देणें हा अन्याय नव्हे काय? रोजचें काम सांगितलें, तर मजुरी दिलीच पाहिजे, आणि तीही चोख. परंतु शेजारधर्म म्हणून जें दिलें, त्याची किंमत ठरविली कीं तो शेजारधर्म राहत नाहीं. देणारीला आपण मजूर करून टाकतों.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो हा १८४५ ते १८४७ अशीं दोन वर्षें वॉल्डन तळ्याच्या कांठीं एकटा राहिला. झोपडीसाठीं झाडें तोडण्यास त्यानें कुऱ्हाड उसनी आणली आणि घेतली होती त्याहून अधिक धारदार करून परत केली, असें तो स्वतःच सांगतो. फेडीची ही रीत सुंदर आहे. पण कुऱ्हाड परत करतां येते. शेंदून दिलेलें पाणी परत कसें करावें?

याचें उत्तर आपल्याकडे फार पूर्वीं सुचलेलें दिसतें. देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें सर्वश्रुत आहेत. शतपथ ब्राह्मणांत चौथें ऋण मनुष्यांचें सांगितलें आहे, आणि तें फेडण्याचा मार्ग म्हणजे मनुष्यांना आश्रय व अन्न देणें. ज्यानें दिलें त्यालाच तें परत करावें, असा निर्बंध तेथें नाहीं. तो असता, तर आपण कायमचे दिवाळखोर ठरलों असतों. १८९० सालीं बेरिंग आणि किटासाटो यांनीं धनुर्वाताच्या विषावरील उतारा रक्तांत उत्पन्न होतो असें दाखविलें. त्याच वाटेनें पुढें लस आली. दूरच्या खेड्यांत एकट्यानें राहणाऱ्याच्या रक्तांतही हें परक्यांचें देणें वाहत असतें. त्यांना गांठून तें फेडणें आतां शक्य नाहीं.

म्हणून दिलेलें तें शांतपणें घ्यावें. त्यानें एकान्ताला बाध येत नाहीं. कारण मनाची निवांतता हा एकान्ताचा अर्थ आहे, निर्ऋणता हा नव्हे. जखम भरून हात पुन्हां पाणी शेंदूं लागला, कीं हें सारें विसरण्यास अनुकूल काळ येतो. त्या दिवसांत कोणाच्या घरीं दुखणें आल्याचें कानावर पडलें, तर न बोलावतां उठून जाण्याची बुद्धि आपल्याला होते कीं नाहीं, यावरूनच घेतलेलें आपल्याला पचलें कीं नाहीं तें ठरावें.